सज्ञान अपत्य आणि कराचे दप्तर

शीव कोळीवाड्यात, जुन्या कोळी वस्तीत तसेच फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसविलेल्या वसाहतींत, तिशी ओलांडूनही स्वतःची उपजीविका चालवू न शकणाऱ्या अपत्याचा सांभाळ करणारे वृद्ध मातापिते आजही आढळतात. त्यांच्या या भाराची दखल आयकराच्या कायद्याने कितपत घेतली, हे पाहू जाता गेल्या सत्तर वर्षांचा वृत्तांत समाधान आणि खेद दोन्ही देणारा आहे.

१९५७ च्या वित्त कायद्याने विवाहित करदात्याला, त्याच्यावर अवलंबून असलेल्या दोन मुलांपर्यंत, प्रत्येकी ३०० रुपयांची अधिक करमाफी दिली होती. ती पुढे रद्द झाली. अमेरिकेत शिकणारे अपत्य चोवीस वर्षांचे होईपर्यंत, आणि कायमचे विकलांग असल्यास वयाची अट न ठेवता, पालकाच्या विवरणपत्रात आश्रित म्हणून दाखविता येते. आपल्याकडे धडधाकट सज्ञान मुलाला अशी सर्वसाधारण जागाच राहिली नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ-लालबागात थोरल्या भावाच्या किंवा कारकून बापाच्या पगारावर बेकार तरुणांचे दिवस निघाले, तेव्हाही ती नव्हती.

विकलांग आश्रितासाठी मात्र कलम ८०डीडीचे दार उघडे राहिले आणि तेथे अपत्याचे वय कोणी विचारीत नाही, ही या कायद्यातील सर्वांत माणुसकीची गोष्ट मी मानतो. २००३ च्या दुरुस्तीने वजावट ५०,००० आणि तीव्र विकलांगतेस ७५,००० रुपये झाली. २०१५ मध्ये हेच आकडे ७५,००० आणि १,२५,००० वर गेले. खर्चाच्या पावत्यांचा हिशेब लागत नाही. चाळीस टक्के किंवा अधिक विकलांगतेचा वैद्यकीय दाखला मात्र लागतो, आणि त्यासाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयात प्रौढ मुलाला हाताला धरून नेणाऱ्या आईला किती सायास पडतात, हे ज्याने पाहिले त्यालाच कळेल.

या कलमात एक क्रूर उणीव होती. आयुर्विमा महामंडळाच्या जीवन आधारसारख्या योजनेत पालकाने पैसे भरले, तरी वर्षासन त्याच्या मृत्यूनंतरच सुरू व्हावे, अशी अट होती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अटीविरुद्धची याचिका मान्य केली नाही, परंतु अटीचा फेरविचार करण्यास केंद्र सरकारला सुचविले. २०२२ मध्ये संसदेने पालकाच्या वयाच्या साठीनंतर, त्याच्या हयातीतच, वर्षासन मिळण्याची मुभा दिली.

आणि नेमक्या याच काळात नवी करप्रणाली आली. तीत ८०डीडी नाही, आणि २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली मानली जाते. जुनीचा लाभ हवा असेल तर ती मुदतीत निवडावी लागते. पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारदार उत्पन्नाला आता नव्या प्रणालीत कर लागत नाही, म्हणून पुष्कळ कुटुंबांचे पैशाचे नुकसान होणार नाही हे खरे. परंतु त्यावरील उत्पन्नाचा बाप, ज्याच्या मिळकतीचा मोठा वाटा उपचारांत आणि सोबतीच्या बाईच्या पगारात जातो, त्याला नव्या प्रणालीत निपुत्रिक शेजाऱ्याइतकाच कर भरावा लागतो. ही वजावट नव्या प्रणालीतही घालणे संसदेला अवघड नाही, आणि ती मागणी पालकांनी लेखी करीत राहिले पाहिजे.