डायेट शाळेसाठी चौतीस दिवस

१७ ऑगस्ट २०१५ रोजी शिकागोच्या दक्षिण भागातल्या ब्रॉन्झव्हिल या कृष्णवर्णीय वस्तीत बारा जणांनी अन्न सोडले. त्यांत पालक होते, आजी होत्या, वस्तीतले कार्यकर्ते होते. वॉल्टर डायेट हायस्कूल पुन्हा उघडावे, ते सरकारीच असावे आणि परिसरातल्या कोणत्याही मुलाला तिथे थेट प्रवेश मिळावा, ही त्यांची मागणी होती. शाळेला ज्यांचे नाव आहे ते डायेट शिकागोतल्या सरकारी शाळांचे संगीतशिक्षक. नॅट किंग कोलसारखा कलावंत त्यांच्या हाताखाली शिकला.

शाळेसाठी झगडणे या समाजाला नवे नव्हते. १९६०च्या सुमारास कृष्णवर्णीयांच्या शाळांत मुले मावत नव्हती आणि गोऱ्यांच्या शाळांत बाके रिकामी होती. मुलांना तिकडे पाठवायचे सोडून शिक्षणप्रमुख बेंजामिन विलिस यांनी मैदानांवर पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या. लोक त्यांना ‘विलिस वॅगन’ म्हणू लागले. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी दोन लाखांहून अधिक मुलांनी शाळांवर बहिष्कार टाकला.

अर्ध्या शतकानंतर त्याच समाजाला उलटे कारण ऐकावे लागले: शाळा ओस पडल्या आहेत, म्हणून बंद करायच्या. पण ओस कशा पडल्या? ब्रॉन्झव्हिलजवळच्या रॉबर्ट टेलर होम्स या सरकारी वसाहतीच्या अठ्ठावीस उंच इमारती होत्या. २००७पर्यंत त्या सगळ्या पाडल्या गेल्या आणि हजारो कुटुंबे पांगली. १९९५पासून शहरातल्या शाळांचा कारभार महापौरांच्या हाती होता, शिक्षण मंडळही तेच नेमत. २००४मध्ये महापौर रिचर्ड डेली यांनी ‘रेनेसान्स २०१०’ योजना आणली. जुन्या शाळा बंद करून शंभर नव्या उघडायच्या, त्यांतल्या बऱ्याच चार्टर, असा तिचा बेत होता. चार्टर शाळेला पैसा सरकारचा, पण ती चालवते खासगी संस्था. तिच्या संचालकांना पालक मत देऊन बदलू शकत नाहीत. जवळ चार्टर शाळा निघाली की जुन्या शाळेतली मुले आणि त्यांच्यामागचे अनुदान, दोन्ही तिकडे जातात. पट घटला हे खरे, पण तो धोरणांनी घटवला.

मे २०१३मध्ये मंडळाने एकाच बैठकीत सुमारे पन्नास शाळा बंद करायचे ठरवले. विस्थापित मुलांपैकी दर दहांत जवळपास नऊ कृष्णवर्णीय होती. डायेटचा निर्णय त्याआधीच, २०१२मध्ये झाला होता. नवे प्रवेश थांबले आणि २०१५च्या शेवटच्या वर्गात उरली फक्त तेरा मुले.

डायेट वाचवण्यासाठी लोकांनी हरित तंत्रज्ञान व नेतृत्वशिक्षणावर भर देणारा आराखडा स्वतः तयार करून मंडळाला दिला होता. प्रशासन दाद देईना, तेव्हा ते उपोषणाला बसले. काहींना रुग्णालयात न्यावे लागले. सप्टेंबरच्या सुरुवातीला प्रशासनाने शाळा उघडायचे कबूल केले, मात्र कलाशिक्षणाची शाळा म्हणून. लोकांचा आराखडा बाजूलाच राहिला, त्यामुळे उपोषण पुढे चालले आणि चौतिसाव्या दिवशी सुटले. २०१६मध्ये डायेट सरकारी शाळा म्हणूनच उघडली, परिसरातल्या मुलांना थेट प्रवेश देणारी.

शिक्षण मंडळ महापौरांनी नेमण्याऐवजी मतदारांनी निवडावे, ही मागणीही २०२१च्या कायद्याने मान्य झाली. नोव्हेंबर २०२४मध्ये पहिली निवडणूक झाली. तीत उपोषणकर्ते जितू ब्राऊन मंडळावर निवडून आले.