चुंबकाला फक्त लोखंड कळते

माझा भाचा टूरिस्ट गाडी चालवतो. गाडी त्याच्या नावावर, कर्ज बँकेचे. एकदा कुणीतरी त्याला सांगितले, की इंजिनच्या ऑईल चेंबरला चुंबकाचा ड्रेन बोल्ट बसव, इंजिनचे आयुष्य वाढेल. त्याने तो बसवला आणि मला हौसेने म्हणाला, "मामू, आता दहा हजारांला ऑईल बदलायला नको. सगळा कचरा हा धरून ठेवतो." मी पडलो कविता लिहिणारा माणूस. मान डोलावली.

तेच ऑईल 20 हजार किलोमीटर चालले. मग एके दिवशी घाटात इंजिन खडखडू लागले आणि गाडी उभी राहिली. मिस्त्रींनी इंजिन खोलले तेव्हा बेअरिंग झिजलेली निघाली. बोल्टच्या चुंबकावर मात्र नेहमीसारखा काळसर लेप होता, त्याहून जास्त काही नाही. गाडी दोन महिने बंद राहिली. बँकेचा हप्ता काही बंद राहिला नाही. डोलावलेली मान मला टोचू लागली. मी मिस्त्रींकडे जाऊन बसलो आणि विचारले, हे चुंबक नेमके करते काय?

ड्रेन बोल्ट चेंबरच्या तळाशी असतो. तो काढला की जुने ऑईल खाली येते. त्याच्या टोकाला चुंबक बसवले, तर जवळून जाणारे लोखंडाचे आणि पोलादाचे कण त्याला चिकटतात. पण इंजिनमध्ये सगळेच लोखंड नसते. पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात. बेअरिंगच्या आतल्या थरांत शिसे, कथील, तांबे किंवा ॲल्युमिनियम असते. यांतले काहीच चुंबकाला चिकटत नाही. धूळ नाही, काजळी नाही, जळून घट्ट झालेले ऑईलही नाही. भाच्याची बेअरिंग झिजत होती आणि चुंबकाला त्याचा पत्ता नव्हता.

शिवाय इंजिनला फिल्टर असतोच. पंपाने ओढलेले ऑईल आधी फिल्टरमधून जाते, मग बेअरिंगकडे. मोठे कण तिथेच अडतात. त्यातून निसटणारे लोखंडाचे काही बारीक कण चुंबक धरते, एवढाच त्याचा जादा फायदा. साध्या गिअरबॉक्सची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा फिल्टर नसतो आणि दाते पोलादाचे असतात, म्हणून तिथे चुंबकाचे खरे काम असते.

मग इंजिनमध्ये ते निरुपयोगी का? तसेही नाही. विमानांच्या इंजिनमध्ये चुंबकाचे शोधक बसवलेले असतात. धातूचे कण साठून त्याची दोन टोके जोडली गेली, की वैमानिकापुढे दिवा लागतो. तिथे चुंबक इंजिन वाचवत नाही, खबर देते. आपल्या गाडीतही तेच. ऑईल बदलताना बोल्ट पांढऱ्या फडक्याने पुसावा. पिठासारखी बारीक काळी साय असेल, तर ती रोजची झीज समजावी. नव्या इंजिनात ती थोडी जास्तही दिसते. पण बोटाला टोचणारे तुकडे किंवा चमकत्या कपच्या दिसल्या, तर मिस्त्रींना दाखवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. मात्र चुंबक स्वच्छ निघाले म्हणजे इंजिन ठणठणीत, असे समजू नये.

घ्यायचाच असेल तर बोल्ट आपल्या गाडीच्या आट्याचा आणि चुंबक इंजिनची उष्णता सोसणारे असावे. नवीन वॉशर घालावा. ॲल्युमिनियमच्या चेंबरला बोल्ट जास्त आवळला तर आटेच जातात.

थोडक्यात, चुंबक जरूर बसवा, पण ऑईल बदलण्याऐवजी नको. भाच्याच्या गाडीला तो बोल्ट अजून आहे. फरक एवढाच, की पुढच्या ऑईलचा किलोमीटरचा आकडा आता त्याने समोरच्या काचेवर चिकटवला आहे.