आकडा बरोबर, जागा चुकीची

मागच्या व्याख्यानात आपण प्रमा म्हणजे यथार्थ ज्ञान, याविषयी बोललो. त्यावर एका स्थापत्य अभियंता श्रोत्यांनी विचारलं, "सर, उपग्रहाच्या पद्धतीने मोजलेल्या उंचीची फाईल आम्ही रस्त्याच्या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतो, तेव्हा डोंगर जागेवरून सरकलेला दिसतो. चूक फाईलची की सॉफ्टवेअरची?" प्रश्न तांत्रिक आहे, पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, म्हणून आज तोच घेऊ.

माझं उत्तर असं, की पुष्कळदा दोन्हीही बरोबर असतात. चूक असते ती दोघांच्या मधल्या न बोललेल्या गृहीतकात.

नव्य-न्यायात एक लाडकं उदाहरण आहे. झाडावर माकड बसलंय. मग झाडाला माकडाचा संयोग आहे की नाही? नैयायिक म्हणतो, फांदीच्या अवच्छेदाने आहे, बुंध्याच्या अवच्छेदाने नाही. "कशाच्या संदर्भात?" हे सांगितल्याशिवाय विधान पुरं होत नाही. उंचीच्या आकड्याचंही तसंच असतं. "५६२ मीटर" हे अर्धंच वाक्य आहे. कुठल्या बिंदूची उंची, कुठल्या नकाशापद्धतीत, कुठल्या शून्यापासून, हे तीन अवच्छेदक त्याला जोडावे लागतात.

पहिला अवच्छेदक बिंदूचा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने सुमारे अकरा दिवसांत रडारने पृथ्वीचा बराच भाग मोजला. ती एसआरटीएमची माहिती आज अनेक जण वापरतात. तिच्या एक अंशाच्या तुकड्यात एका ओळीत ३६०१ आकडे असतात. एका अंशात सेकंद ३६००, मग आकडा एक जास्त कसा? रांगोळीचे ठिपके आठवा. दहा जागा सोडायच्या तर ठिपके अकरा लागतात. म्हणजे इथला आकडा ठिपक्याचा आहे, चौकटीचा नाही. दुसऱ्या एखाद्या फाईलमध्ये मात्र आकडा अख्ख्या चौकटीचा असतो, आणि फाईलच्या माथ्यावर चौकटीचा कोपरा दिलेला असतो. ठिपक्याचा पत्ता सॉफ्टवेअरने कोपऱ्याचा म्हणून वाचला, की सगळा डोंगर अर्धी चौकट सरकतो. चौकट साधारण ३० मीटरची, म्हणजे १५ मीटर पूर्व-पश्चिम आणि १५ मीटर दक्षिण-उत्तर. तिरकं धरलं तर जवळजवळ २१ मीटर.

सपाट माळावर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पाचास एक चढ असेल, तर १५ मीटर सरकण्याने उंचीत ३ मीटरचा फरक पडतो. आणि गंमत बघा, डोंगर पूर्वेला सरकला तर पश्चिम उतारावर उंची कमी दिसते, पूर्व उतारावर जास्त. दोन्हींची सरासरी काढली तर चूक जवळजवळ शून्य! एकूण खोदाई-भरावाचा हिशेब जुळतो, आणि प्रत्यक्षात एकही ठिकाण जुळत नाही. मोरीची पातळी अशा आकड्यावर ठरली, तर पावसाळ्यात पाणी कुणाच्या तरी दारात जातं. त्या घरातल्या माणसाला सरासरी सांगून काय उपयोग?

दुसरा अवच्छेदक नकाशापद्धतीचा. फाईल अंशांमध्ये, आराखडा मीटरमध्ये. आराखड्याची पद्धत सॉफ्टवेअरला सांगितलीच नाही, तर ते ७३ अंशांना ७३ मीटर समजू शकतं. यूटीएम पद्धतीत महाराष्ट्र दोन पट्ट्यांत पडतो. अमरावती ४३व्या पट्ट्यात, नागपूर ४४व्या. पट्टा चुकला तर डोंगर शेकडो किलोमीटर दूर जातो. ही चूक मी सज्जन म्हणेन, कारण ती लगेच दिसते. दुर्जन असते ती पंधरा मीटरची.

तिसरा अवच्छेदक शून्याचा. एसआरटीएमची उंची सरासरी समुद्रपातळीशी मिळत्याजुळत्या पृष्ठापासून मोजलेली असते. त्या पृष्ठाला जिऑइड म्हणतात. जीपीएस मुळात एका गणिती लंबगोलापासून मोजतं. मुंबई-पुण्याकडे या दोन पृष्ठांत ६० मीटरांहून जास्त अंतर आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहिलात, तर लंबगोलीय उंची उणे साठच्याही खाली येईल. तुम्ही बुडालेला नसता, फक्त शून्य बदललेलं असतं.

शून्याचा घोटाळा माहीत असूनही घडतो. लाउफेनबुर्ग इथे ऱ्हाइनवर जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांना जोडणारा पूल बांधताना, दोन देशांच्या समुद्रपातळीत २७ सेंटीमीटरचा फरक आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुरुस्तीही केली, पण उलट्या चिन्हाने. परिणामी २००३ साली दोन बाजूंत ५४ सेंटीमीटरचा फरक आढळला.

मग करायचं काय? डोंगर हाताने ओढून "बसवायचा" मोह टाळा. एका ठिकाणी बसला म्हणजे कारण कळलं असं नाही. योगायोगाने खरं निघालेलं मत म्हणजे प्रमा नव्हे, हे मागच्या वेळी पाहिलंच आपण. आधी फाईलचं माथं वाचा आणि तिन्ही अवच्छेदक कागदावर लिहा. मग पडताळणी करा, पण सपाट चौकात नको, तिथे आडवी चूक लपते. डोंगराच्या दोन्ही उतारांवर जागेवर मोजलेले बिंदू घ्या. फरक एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे आला, तर जाळी आडवी सरकली आहे. सगळीकडे सारखाच आला, तर शून्य चुकलं आहे. आणि जागेवर मोजलेल्या ओढ्याची रेघ त्या पृष्ठावर टाकून बघा. ओढा दरीचा तळ सोडून टेकडी चढायला लागला, की समजा, काहीतरी बिनसलंय.

यंत्र आकडा सांभाळतं, संदर्भ आपणच सांभाळायचा असतो. "कशाच्या संदर्भात?" हा नैयायिकांचा प्रश्न आराखड्यावर सही करण्याआधी एकदा विचारा, एवढंच माझं सांगणं. पुढच्या वेळी अनुमानाकडे वळू.