प्रश्न दाराचा की कडीचा?

हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्यासारख्या मोठ्या गावात आसपासच्या वस्त्यांवरून बाजारहाटाला येणारी बाई सकाळपासून पाणी बेतानेच पिते. लघवीला जायचे कुठे, याची खात्री नसते. स्वच्छतागृह असलेच, तरी आत पाणी असेल का आणि दाराला कडी लागेल का, या दोन शंका मनात असतातच. पारलिंगी स्त्रीला या दोन्हींच्या आधी आणखी एक शंका छळते : आपल्याला आत जाऊ देतील का? पुरुषांच्या बाजूला गेली तर टवाळी आणि अंगचटीला येणे, बायकांच्या बाजूला गेली तर आरडाओरडा. मग ती कुठेच जात नाही, किंवा अंधार पडायची वाट पाहते. हा पेच आपण मानतो तेवढा अवघड नाही, असे मला वाटते. दारावरच्या पाटीचा प्रश्न म्हणून तो सोडवायला गेलो की गुंता वाढत जातो. आतल्या कडीचा प्रश्न म्हणून पाहिला तर त्यातला बराचसा सुटतो.

आधी आपण कुणाबद्दल बोलतो आहोत ते पाहू. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झाली, पण जी स्वतःला स्त्री म्हणून ओळखते आणि तसे जगते, ती पारलिंगी स्त्री. गुरू-चेल्यांच्या घराण्यात राहणाऱ्या, बाजार मागणाऱ्या, बाळाला दुवा द्यायला दारात येणाऱ्या तृतीयपंथी आपल्या डोळ्यांसमोर चटकन येतात. पण कुठल्याच गुरूकडे न गेलेल्या, शिकणाऱ्या, शिवणकाम किंवा नोकरी करणाऱ्या, आईवडिलांबरोबर गावातच राहणाऱ्याही असतात. 2011च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद झालेले लोक देशात 4,87,803 होते, त्यांतले महाराष्ट्रात 40,891. घरच्यांनी नाव सांगताना ‘मुलगा’ असेच लिहून दिलेल्या किती जणी यातून सुटल्या असतील, याचा अंदाज वाचकानेच करावा. गावात राहून गावाला माहीत नसणे हीच अनेकींची सुरक्षितता असते, आणि स्वच्छतागृहाच्या प्रश्नात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

आता इमारतीकडे पाहू, कारण बहुतेक वाद इमारत न पाहताच घातला जातो. आपल्याकडच्या एसटी स्थानकातल्या किंवा बाजारातल्या पुरुषांच्या मुतारीत भिंतीला लागून उघडी रांग असते. दार नाही, आडोसा असलाच तर कमरेएवढा. साडी किंवा पंजाबी ड्रेस घातलेल्या व्यक्तीने तिथे जायचे म्हणजे चारचौघांत तमाशा होणे. जिने शस्त्रक्रिया करून घेतली आहे किंवा परंपरेप्रमाणे जिचे ‘निर्वाण’, म्हणजे लिंगछेद, झाले आहे, तिला तर उभ्याने लघवी करणे शक्यच नसते. पुरुषांच्या बाजूला एखादा संडास दाराचा असतो, पण तिथवर पोचायला त्या उघड्या रांगेतूनच जावे लागते. बायकांच्या बाजूची रचना वेगळी असते. तिथे वेगवेगळ्या खोल्या असतात, किमान असायला हव्यात, आणि प्रत्येक खोलीला दार. एकीने दुसरीचे शरीर पाहायचा प्रश्नच येत नाही. सामाईक असतो तो रांगेचा ओटा आणि हात धुवायचा नळ. म्हणजे ‘एकत्र’ म्हणून ज्याची भीती घातली जाते, ते एकत्रपण नळाशी सुरू होते आणि नळाशीच संपते.

लघवी दाबून धरल्याचे परिणाम कुठल्याही बाईला नव्याने सांगायला नकोत : मूत्रमार्गाची जळजळ, संसर्ग, आणि दुर्लक्ष झाले तर मूत्रपिंडापर्यंत गेलेले दुखणे. अमेरिकेत 2015 साली 27,715 पारलिंगी व्यक्तींची मोठी पाहणी झाली. आदल्या वर्षभरात त्रासाच्या भीतीने सार्वजनिक स्वच्छतागृह टाळणारे त्यांत 59 टक्के निघाले. जावे लागू नये म्हणून खाणेपिणेच कमी केलेले 32 टक्के होते, आणि टाळाटाळीमुळे मूत्रमार्गाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास झालेले 8 टक्के. तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मान्य. पण मूत्रपिंड देश पाहून दुखत नाही, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी न पिता दिवस काढणे अंगावर अधिकच बेतते.

कायदा या बाबतीत गप्प राहिलेला नाही, मात्र तो सगळीकडे एकच भाषा बोलत नाही. 15 एप्रिल 2014 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या. त्याच निकालात केंद्र आणि राज्य सरकारांना तृतीयपंथीयांसाठी वेगळी सार्वजनिक स्वच्छतागृहे देण्याचा आदेशही आहे. तीन वर्षांनी, एप्रिल 2017 मध्ये, ग्रामीण स्वच्छ भारत अभियानासाठी पेयजल व स्वच्छता मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत भाषा बदलली : सार्वजनिक स्वच्छतागृहात पुरुषांची बाजू वापरायची की स्त्रियांची, हे त्या व्यक्तीला निवडू द्यावे. पुढे पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा 2019चा कायदा आला आणि जानेवारी 2020 पासून लागू झाला. सार्वजनिक ठिकाणी जायला किंवा ते वापरायला अडवले तर सहा महिने ते दोन वर्षांची कैद त्यात सांगितली. त्याखालच्या 2020च्या नियमांनी स्वच्छतागृहांबाबत पुरुषांचे, स्त्रियांचे किंवा वेगळे, अशी तिहेरी निवड देणारी सोय दोन वर्षांत करण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली. ती मुदत केव्हाच उलटून गेली.

‘वेगळे’ आणि ‘निवड’ हे दोन मार्ग ऐकायला जवळचे वाटतात, पण ते दोन दिशांना जातात. वेगळ्या दाराचा मोह मोठा, कारण त्याचे उद्घाटन करता येते. भोपाळमध्ये 2 ऑक्टोबर 2017 रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते असे स्वच्छतागृह सुरू झाले. मुंबईत गोरेगावच्या आरे वसाहतीत 2022 मध्ये झाले. ज्या वस्तीत तृतीयपंथीयांची घरे आहेत तिथे त्याचा उपयोग निश्चित आहे. समाजातल्या अनेक जणी स्वतःच वेगळ्या सोयीची मागणी करतात, आणि ज्यांनी दोन्ही बाजूंना धक्के खाल्ले त्यांना तिसरे दार सुटकेचे वाटले तर त्यांना शहाणपण शिकवणारे आपण कोण? पण हाच एकमेव उपाय धरला तर त्याची दोन हाडे घशात अडकतात. एक, शहरात एखादे दार झाले म्हणून वसमतच्या स्थानकावर उतरणाऱ्या बाईला काय? दुसरे हाड अधिक टोचणारे. तृतीयपंथी अशी पाटी असलेल्या दारातून आत जाणे म्हणजे गावाला ओळख जाहीर करणे. जी शांतपणे बाई म्हणून राहते, तिची गुप्तता एका लघवीपायी जाते. शिवाय तिसरे दार बांधले की पहिली दोन तिच्यासाठी आपोआप बंद होतात. ‘तुमचे तिकडे आहे ना?’ हे वाक्य म्हणायला लोकांना वेळ लागत नाही. दिल्ली मेट्रोने 2021 मध्ये काढलेला तोडगा मला त्यापेक्षा बरा वाटतो. अपंगांसाठी असलेली, स्त्री-पुरुष भेद नसलेली एकेकट्याची स्वच्छतागृहे त्यांनी पारलिंगी प्रवाशांनाही खुली केली, आणि आपल्या ओळखीप्रमाणे दुसरे वापरायचे तर तीही मुभा ठेवली. अपंगांची आधीच तुटपुंजी असलेली जागा वाटून दिली, ही त्यातली उणीव आहेच.

सगळ्यात गंभीर आक्षेप स्त्रियांच्या सुरक्षिततेचा, आणि तो हसण्यावारी नेणे चूक आहे. आपल्याकडच्या बाईने सार्वजनिक जागेत पुरुषांचा त्रास आयुष्यभर सोसलेला असतो. तिची भीती अनुभवातून आलेली आहे. स्वच्छतागृहांसाठी तिला कोर्टाचीही पायरी चढावी लागली आहे. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेने विद्या बाळ यांच्या पुढाकाराने याचिका केली, तेव्हा कुठे डिसेंबर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना रस्त्यावरच्या स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची योजना आखायला सांगितले. एवढ्या झगड्यानंतर मिळालेली जागा आता आणखी कुणाला द्यायची, असे कुणी म्हटले तर ते कळण्यासारखे आहे. पण भीती कुणाची, हे नीट पाहायला हवे. त्रास देणाऱ्या पुरुषाला साडी नेसून यायची गरज आजवर कधी पडलेली नाही. तो तुटक्या दाराच्या फटीतून पाहतो, भिंतीवरून मोबाइल धरतो, अंधाऱ्या बोळात थांबतो. असे चोरून पाहणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 77 आहे आणि ते कुणाचीही ओळख विचारत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आपल्या ओळखीप्रमाणे स्वच्छतागृह वापरायची मुभा देणाऱ्या आणि न देणाऱ्या गावांची तुलना 2018 साली प्रसिद्ध झाली. मुभा दिल्यामुळे स्वच्छतागृहांतले गुन्हे वाढल्याचे त्यात आढळले नाही.

‘उद्या कुणीही उठून मी बाई आहे म्हणेल,’ याचे उत्तर आपल्या जवळच मिळते. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या पारलिंगी अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या स्त्रियांसाठी असलेल्या जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, म्हणजे ज्या खंडपीठाकडे हिंगोलीचीही प्रकरणे जातात त्यानेच, त्यांना स्त्री म्हणून लढू दिले. सोय पाहून पुन्हा पुरुष म्हणवून घेणार नाही, हे त्यांचे म्हणणेही न्यायालयाने लक्षात घेतले. पुढे गावाने त्यांना निवडून दिले. पाच वर्षांची सत्तेची जागा ज्या ओळखीवर मिळू शकते, त्याच ओळखीवर पाच मिनिटे संडासात जाता येऊ नये, हे तर्कात बसत नाही. जग एकाच दिशेने चालले आहे असे मात्र नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये तिथल्या समता कायद्यातला ‘स्त्री’ हा शब्द जैविक लिंगापुरता आहे असे ठरवले, आणि तिथला वाद त्यानंतर अधिकच तापला. पण तो त्यांच्या एका कायद्याच्या शब्दांचा अर्थ आहे. आणि व्यवहारातला प्रश्न तिथेही उरतोच : दारात उभे राहून तपासणार कोण, आणि कशावरून? आवाज भरदार, उंची जास्त, छाती सपाट, एवढ्यावरून हटकायला लागलो तर पहिला अपमान शेतात राबून हाडापेराने मजबूत झालेल्या, केस कापलेल्या, जन्माने बाई असलेल्या बाईचाच व्हायचा.

राहिली रीत. ती नव्याने शिकायची नाही, जी आहे तीच सगळ्यांना लावायची. रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईला तू कोण, कुठली, तुझे शरीर कसे, हे आपण विचारत नाही. मूल कडेवर असेल तर पुढे जाऊ देतो, टमरेल हातात देतो, कडी तुटकी असेल तर बाहेरून दार धरून उभे राहतो. तेच करायचे. टक लावून पाहायचे नाही, हसायचे नाही, मोबाइल काढायचा नाही. बोलायची वेळ आली तर ताई, मावशी, अक्का, जे वयाला शोभेल ते म्हणायचे. पैसे घेणाऱ्या माणसाने इतरांकडून घेतो तेवढेच घ्यावेत. ‘तिकडे जा’ म्हणायचा किंवा ओळखपत्र मागायचा अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. आत गेलेल्या बाईनेही रांगेचा आणि स्वच्छतेचा तोच नियम पाळायचा, हे ओघानेच आले. एखादीला खरोखर संकोच वाटला तर तिने दोन मिनिटे थांबून मग जावे. संकोच ज्याचा, सवड त्याने काढायची.

खर्चाचा आक्षेप शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यात कच्चा आहे. एप्रिल 2018 मध्ये राज्य हगणदारीमुक्त जाहीर झाले, पण तो हिशेब मुख्यतः घराघरातल्या संडासांचा होता. बाजार, स्थानक, जत्रेचे मैदान त्यात मागेच राहिले. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात गावातल्या सामुदायिक स्वच्छता संकुलासाठी तीन लाखांपर्यंतची तरतूद केली गेली. त्यातले 70 टक्के अभियानाचे, 30 टक्के वित्त आयोगाच्या अनुदानातून. एखाद्या ग्रामपंचायतीने ते बांधताना तिसरे दार काढायची गरज नाही. सगळ्याच खोल्या जमिनीपासून छतापर्यंत बंद कराव्यात, प्रत्येकीला आतून पक्की कडी, दिवा आणि नळ द्यावा, दोनेक खोल्या कुठलीच पाटी न लावता थेट रस्त्याकडे उघडणाऱ्या ठेवाव्यात. त्या म्हाताऱ्या बापाला घेऊन आलेल्या लेकीलाही लागतात आणि अपंगांनाही. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. नकाशा पहिल्यांदा तिथे ठेवावा, आणि गावातल्या किंवा तालुक्यातल्या पारलिंगी स्त्रियांना त्या सभेला बोलावणे धाडावे, कारण रांग त्यांची आणि इतर बायांची एकच असणार आहे.