'रंगीला'तली मिली आणि खोक्यावरचा फोटो

पांडेसऱ्यात राहणाऱ्यांना मॉडेल हा शब्द नवा नाही. इथे जीआयडीसीत कापडाच्या रंगाई-छपाईच्या मिल्स आहेत, आणि सुरतेहून निघणाऱ्या साडीच्या खोक्यावर एखाद्या मुलीचा फोटो असतोच. साडीचं नाव ठळक अक्षरात, मुलीचं नाव कुठेच नाही. अशा मुलीला उद्या कोणी विचारलं, "सिनेमात काम करतेस का?", तर नेमकं काय बदलतं?

हे समजून घ्यायला राम गोपाल वर्मांचा 'रंगीला' (१९९५) बघावा. मिली जोशी ही मुंबईतल्या मध्यमवर्गीय मराठी घरातली मुलगी. ती मॉडेल नाही, गाण्यात हिरोईनच्या मागे नाचणाऱ्या घोळक्यातली एक आहे. पण स्थिती तीच: चेहरा दिसतो, नाव कोणाला ठाऊक नसतं. प्रसिद्ध नट राज कमल तिला समुद्रावर एकटीच नाचताना बघतो. चालू सिनेमाची नायिका काम सोडून जाते आणि मिलीला स्क्रीन टेस्टची संधी मिळते.

इथे मॉडेलिंग आणि अभिनय यांतला फरक लक्षात येतो. कॅटलॉगच्या फोटोत मुलगी अशी उभी राहते की पदर, काठ, निऱ्या नीट दिसाव्यात. तिथे बघायची असते साडी. स्क्रीन टेस्टमध्ये तिला बोलावं लागतं, समोरच्याचं ऐकून उत्तर द्यावं लागतं. चेहरा तोच, पण आता त्याच्या मागचं माणूस दिसायला हवं. गंमत म्हणजे 'रंगीला'तल्या कपड्यांनाही नाव मिळालं: मनीष मल्होत्राला त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

मिलीच्या घरचे तिला अडवत नाहीत. रीमा लागू आणि अच्युत पोतदार यांनी रंगवलेले आई-वडील मला अगदी आपल्या चाळीतले वाटतात. अडचण वेगळीच आहे. तिकिटं ब्लॅकने विकणारा मुन्ना तिच्यावर प्रेम करतो, पण ती मोठी झाल्यावर त्याला स्वतःचं छोटेपण टोचायला लागतं. तो न सांगता निघून जातो आणि मिलीला त्याच्या मागे धावावं लागतं. सिनेमा गोड आहे, मला आवडतो. पण नीट बघा, मिलीच्या कामाचा प्रश्न शेवटी मुन्नाच्या मनाचा प्रश्न होऊन बसतो. प्रीमिअरच्या दिवशी आपलं काम लोकांना कसं वाटलं, याचा विचार करायला तिला वेळच मिळत नाही.

याच्या उलट बाजू श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'त (१९७७) आहे. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर तो आधारलेला. तिथे मुलीला कोणी विचारतच नाही. घर चालवायचं म्हणून ती स्टुडिओत जाते, आणि पुढे तिने काम करावं की सोडावं हे इतरच ठरवत राहतात. या भूमिकेसाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिचं घर शिरपूरचं, म्हणजे आपल्या पांडेसऱ्यातल्या कितीतरी खानदेशी कुटुंबांच्या शेजारचंच.

माझी एक मैत्रीण साडीच्या कॅटलॉगसाठी उभी राहते. तिला एका छोट्या गुजराती सिनेमात रोल विचारलाय. घरी चर्चा चाललीय: मामा काय म्हणतील, पुढे लग्नाचं कसं होईल, ज्याच्याशी बोलणं चाललंय त्याला चालेल का. मी तिला एवढंच विचारलं, "तुला स्क्रिप्ट वाचायला दिली का? तुझा सीन काय आहे?" ती म्हणाली, "अगं, हे तर कोणी विचारलंच नाही!"

मला वाटतं, सुरुवात तिथून व्हावी. भूमिका काय आहे, संवाद किती, पैसे किती, करार लेखी आहे का, शूटिंगला सोबत कोण असेल. मामांचं आणि त्या मुलाचं नंतर बघू. मैत्रिणीने आता स्क्रिप्ट मागवली आहे. आल्यावर आम्ही दोघी मोठ्याने वाचणार आहोत.