किरणोपचार: गरज सर्वत्र, यंत्रे मोजकीच

किरणोपचारात उच्च ऊर्जेच्या किरणांनी कर्कपेशींच्या डीएनएला, म्हणजे आनुवंशिक सूचना साठवणाऱ्या रेणूला, इजा करून त्यांचे विभाजन थांबवले जाते; निरोगी पेशी ही इजा अधिक चांगली भरून काढत असल्याने एकूण मात्रा अनेक दिवसांत विभागून देतात. सुमारे निम्म्या कर्करुग्णांना हा उपचार आवश्यक असला, तरी यंत्रांचे जागतिक वाटप अतिशय विषम आहे. युगांडातील एकमेव यंत्र २०१६ मध्ये बंद पडले, तेव्हा तेथील रुग्णांना देशात हा उपचारच उरला नाही. या उपचाराच्या यंत्रांपैकी विद्युत्-ऊर्जेने इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या रेषीय त्वरकाला स्थिर वीजपुरवठा लागतो, तर कोबाल्ट-६० वापरणारे यंत्र तुलनेने साधे असले, तरी त्यातील किरणोत्सर्ग सुमारे ५.३ वर्षांत निम्मा होत असल्याने स्रोत ठरावीक काळाने बदलावा लागतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ याच प्रकारचे आहे. मात्र यंत्राइतकीच प्रशिक्षित मनुष्यबळाची आणि दुरुस्तीची तरतूदही केली, तरच हा उपचार प्रत्येक रुग्णाच्या हक्काचा ठरेल.