नाव बदलले तरी खेळ ओळखतो कोण?

आपल्याकडे ‘कॅसेट’ घालून खेळल्या जाणाऱ्या निन्टेंडोकालीन खेळांच्या फाइली ज्यांनी संगणकावर साठविल्या आहेत, त्यांना हे परिचित असेल की एकाच नावाच्या दोन फाइलींपैकी एक सुरळीत चालते व दुसरी हटवादीपणे काळा पडदा दाखविते. उलट, जिचे नाव कोणी पार बदलून टाकले आहे, तीच फाइल वर्गीकरणाचा प्रोग्रॅम क्षणार्धात ओळखतो.

हा प्रोग्रॅम नावाची दखलच घेत नाही. फाइलीतील प्रत्येक बाइट क्रमाने एका गणिती प्रक्रियेतून नेऊन तो आठ अंकाक्षरांची ‘सीआरसी’ नामक खूण काढतो, आणि कचेरीतील कारकुनाने अंगठ्याचा ठसा दप्तराशी ताडावा तशी ती अस्सल प्रतींच्या यादीशी ताडतो. एक बाइट जरी बदलला तरी खूण बदलते.

मात्र येथे एक गोम आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) या खेळाचा ऐवज ४०,९६० बाइटांचा, पण फाइल भरते ४०,९७६! वरचे १६ बाइट खेळाचे नव्हेतच. मूळ कॅसेटीतील चिपांची जोडणी एम्युलेटरला, म्हणजे जुना खेळ संगणकावर चालविणाऱ्या प्रोग्रॅमला, कळविणारा तो शिरोलेख होय, आणि त्यात कोणी ढवळाढवळ केली असता खेळ शाबूत असूनही खूण जुळत नाही, म्हणून जाणते प्रोग्रॅम तेवढा भाग वगळूनच मोजणी करतात.

आर्केड खेळांची तऱ्हा याहून न्यारी. आर्केड खेळांचा एम्युलेटर असलेल्या ‘मामे’च्या दप्तरी ‘पॅक-मॅन’ची नोंद १९८०च्या जपानी ‘पक-मॅन’चे अपत्य म्हणून आहे, आणि सामाईक चिपांच्या फाइली पुष्कळदा जनकाच्याच गठ्ठ्यात ठेवलेल्या असल्याने, जागा वाचविण्यासाठी तो गठ्ठा पुसणाऱ्याचा पॅक-मॅनही त्याच क्षणी बंद पडतो.